रक्तात आहे म्हणे

आमच्या घराण्यातले पुरुष पायापासून मरतात. आधी अंगठा, मग चवडा, मग गुडघ्याखालचा सगळा भाग. बाबांचं असंच झालं, त्यांच्या धाकट्या भावाचंही. गिरणीत दिवसभर मागांवर उभं राहणारे बाबा शेवटची वर्षं मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत खिडकीशी बसून असत. एक पाय लुंगीत, आणि दुसऱ्या पायाच्या जागी नुसती लुंगीची घडी. बघायला येणारे नातेवाईक त्या घडीकडे न बघता म्हणायचे, "तुमच्या रक्तातच आहे ना, त्याला कोण काय करणार." मग चहा यायचा. साखर किती, असं आई सगळ्यांना विचारायची, आणि बाबा दोन बोटं वर करायचे. रक्तातच आहे म्हटल्यावर एका चमच्याने काय फरक पडणार होता?

मला त्या वाक्याचा राग तेव्हापासून आहे. ते सहानुभूतीने म्हटलं जातं, पण त्याने दार बंद होतं. पुढे बोलायला काही उरतच नाही.

मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत खेळाचा शिक्षक होतो. त्याआधी कबड्डी खेळायचो, चढाई करायचो, आणि पूर्व उपनगरांत आमच्या मंडळाला बरा मान होता. म्हणजे शरीर हीच माझी मिळकत. शाळेतली पोरं माझ्या मांड्यांकडे बघून आपसात कुजबुजायची, हे मला माहीत होतं आणि आवडायचंही. निवृत्तीनंतर काही वर्षांत त्या मांड्या कुठे गेल्या ते कळलंच नाही. पोट पुढे आलं, दंड सैल पडले. दुपारी जेवून बसलो की डोळे मिटायचे ते थेट संध्याकाळच्या चहाला उघडायचे. बाजारातून चढावर परत येताना कोणी बघत नाही ना, हे पाहून मी कुंपणाला हात लावून थांबायला लागलो.

आणि आणखी एक गोष्ट होती. बायकोजवळ जाण्याची इच्छाच संपली होती. भांडण नव्हतं, दुरावा नव्हता. नुसतं काही वाटेनासं झालं होतं. कधीतरी प्रयत्न केला तर शरीर साथ देत नव्हतं. मग मी प्रयत्न करणंही सोडलं आणि लवकर झोप येत असल्याचं सांगू लागलो. वय झालं, असं स्वतःला समजावलं. यावर बोलावं असं कोणी डोळ्यांसमोर येत नव्हतं. मैदानावर शिव्यांनी सुरुवात करणारे माझे जुने सवंगडी, पण या विषयावर आम्हा सगळ्यांची दातखीळ बसलेली. विनोद करायचे तेवढे करायचे, खरं कोणी बोलायचं नाही.

साखर कळली ती अपघातानेच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत सांगितलं की अजून डायबेटिस म्हणता येणार नाही, पण मी काठावर उभा आहे.

त्या रविवारी मी घाटकोपरला दादाकडे गेलो. दादा माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. बाबांच्याच गिरणीत लागला होता. संपानंतर गिरणी बसली तेव्हा भांडुपच्या एका औषध कंपनीत चिकटला, आणि गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरत त्याने संसार केला. त्याला पन्नाशीतच डायबेटिस लागला होता. माझा रिपोर्ट ऐकून त्याने समोरच्या ताटलीतला, गूळ लावलेल्या मालवणी खाज्याचा तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि शांतपणे म्हणाला, "बाबांक झाला, माका झाला, आता तुका. आपल्या रक्तातच आसा रे. काय करतलंस?"

त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. उलट थोडी सुटका होती. बाकावर सरकून एखाद्याला जागा करून द्यावी तसं तो मला बाबांच्या शेजारी बसवत होता. मला एवढा संताप आला की चहा तसाच ठेवून मी उठलो. "दादा, मी नाही मानत," एवढंच म्हणालो. तो हसला. वहिनीने दारापर्यंत येऊन मला सांगितलं, की त्याचं मनावर घेऊ नका, हल्ली तो सगळ्यांशीच असं बोलतो.

माझा एक जुना विद्यार्थी आता जिम चालवतो. त्याला मी फक्त थकव्याचं सांगितलं. त्याने मला अंधेरीतल्या एका क्लिनिकचा पत्ता दिला. घाटकोपरहून मेट्रो पकडून मी एका दुपारी, पोटभर जेवून, तिकडे गेलो. गारेगार एसी, कॉफीचं मशीन आणि भिंतीवर एका पांढऱ्या केसांच्या माणसाचा उघड्या छातीचा फोटो. तो माझ्याच वयाचा असावा असं दाखवलं होतं. पोटाला घड्या नव्हत्या, दंड दगडासारखे. तिथे बसलेले आम्ही सगळे पुरुष त्या फोटोकडे चोरून बघत होतो आणि एकमेकांकडे बघणं टाळत होतो.

रक्त घेतलं गेलं. काही दिवसांनी पुन्हा बोलावून एका तरुण मुलाने मला समोर बसवलं. पुरुषांच्या शरीरात जे हार्मोन असतं ते माझ्यात फार खाली आलंय, असं तो म्हणाला. पोट त्याच्यामुळे, झोप त्याच्यामुळे, बेडरूममधली अडचण त्याच्यामुळे आणि साखरही त्याच्यामुळेच. इंजेक्शनं सुरू करायची, दर थोड्या दिवसांनी एक. "सर, सगळं एका झटक्यात लाइनवर येईल."

मला ते मनापासून पटलं, हे कबूल करतो. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी म्हणत होतं की बिघाड बाबांच्या रक्ताचा नाही. काहीतरी आटलंय आणि ते बाहेरून भरता येतं. मला तर वाटलं, दादाला जाऊन सांगावं, बघ, रक्तबिक्त काही नाही. पुढच्या आठवड्यात पहिलं इंजेक्शन घ्यायचं ठरवून मी घरी आलो.

बायको ओट्यापाशी बोंबील साफ करत होती. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज ऐकल्यामुळे माझ्या आवाजातला बदल तिला लगेच कळतो. मी सहज सांगतोय असं दाखवत सगळं सांगितलं. हार्मोन कमी आहे, इंजेक्शन घेतोय, मग सगळंच सुधारेल. सगळंच, या शब्दावर तिचा हात थांबला.

"म्हणजे त्याच्यामुळे होतं ते?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

"इतकी वर्षं तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलात. मला वाटलं, माझ्यातलंच काहीतरी संपलं. आरशासमोर उभी राहायची लाज वाटायला लागली होती मला. आणि हे तुम्ही अंधेरीतल्या त्या पोराला आधी सांगितलंत?"

तिने आवाज चढवला नव्हता. हात धुतले, पुसले आणि समोर येऊन बसली. मग तिने सांगितलं, की इंजेक्शन घ्यायचं असेल तर जरूर घ्या, तिची ना नाही. पण विकणाऱ्याच्या शब्दावर घ्यायचं नाही. ज्याला यातलं खरंच कळतं अशा डॉक्टरला आधी विचारायचं, आणि त्या वेळी ती सोबत येणार. बाहेर बाकावर बसणार नाही, आत येणार.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी हार्मोनच्या आजारांच्या एक तज्ज्ञ सांगितल्या. त्या बाई आहेत हे कळल्यावर मी दुसरं कोणी बघू म्हणालो. पण बायको तोवर फोन लावून मोकळी झाली होती. डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. अंधेरीचा रिपोर्ट बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, रक्त कधी दिलंत? दुपारी जेवून, म्हटल्यावर त्यांनी तो कागद बाजूला ठेवला. हे हार्मोन सकाळी जास्त असतं, दुपारपर्यंत उतरतं, जेवल्यावरही घटतं. त्यामुळे सकाळी उपाशीपोटी, तेही दोनदा तपासल्याशिवाय यावर काही बोलायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी घोरणं, झोप, पोट, पाय सगळं विचारलं. बेडरूमचंही विचारलं, ताप आहे का विचारावं इतक्या साधेपणाने. मी अडखळलो तिथे बायकोने उत्तर दिलं. घरातल्या पुरुषांचं विचारलं तेव्हा मी बाबांच्या पायापासून सुरुवात केली.

दोन्ही सकाळचे रिपोर्ट आले. हार्मोन कमीच होतं, पण अंधेरीत सांगितलं होतं तितकं नाही. बाईंनी मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. रक्तात या हार्मोनला धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. ते लिव्हरमध्ये तयार होतं. पोट सुटलं, लिव्हरवर चरबी चढली की ते प्रथिन घटतं, आणि ते कमी असलेल्या पुरुषांना पुढे डायबेटिस होताना जास्त दिसतो. ते किती असावं हेही थोडंफार आईवडिलांकडूनच येतं. हार्मोन कमी झालं की स्नायू जातात आणि चरबी वाढते. चरबी वाढली की हार्मोन आणखी घटतं. यातलं आधी काय आणि मागून काय, हे सगळं अजून पूर्ण उलगडलेलं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. काही पुरुषांना इंजेक्शनची खरोखर गरज असते. मात्र त्याआधी प्रोस्टेट बघावं लागतं, रक्त दाट होत नाही ना यावर नंतरही लक्ष ठेवावं लागतं. माझ्या बाबतीत आधी पोट कमी करायचं, स्नायू परत आणायचे, झोप सुधारायची, आणि मग पुन्हा तपासून ठरवायचं.

"आणि बाबांकडून आलेलं?" मी विचारलं.

"काका, वडिलांकडून तुम्हाला धोका आलाय. आजार नाही. धोका खरा आहे, तो नाही असं मी सांगणार नाही. तुम्हाला इतरांपेक्षा जास्त मेहनत करावी लागेल, आणि एवढं करूनही कदाचित होईल. तरी करायचं का, ते तुम्ही ठरवा."

मला त्या बाईंचा एकदम आदर वाटला. अंधेरीच्या पोराने सगळं देऊ केलं होतं, दादाने सगळं काढून घेतलं होतं. या बाईंनी माझ्यासमोर फक्त झुंज ठेवली, जिंकशील असं न सांगता. असा सामना मला ओळखीचा होता. मी करायचं ठरवलं.

करायचं म्हणजे काय, तर कोकणातल्या माणसाने भात कमी करायचा. हे लिहायला एक ओळ लागते. सुरमईच्या कालवणाशेजारी ज्वारीची भाकरी बघून पहिल्या दिवशी मला रडू यायचं बाकी होतं. बायकोने माझ्यासाठी वेगळं रांधलं नाही, तीही भाकरीवर आली. भात मूठभर उरला. दुपारची झोप तिने बंद केली. डोळे मिटायला लागले की ती मला खाली वाण्याकडे पिटाळायची, काही आणायचं नसलं तरी.

व्यायामासाठी मी त्या विद्यार्थ्याच्या जिममध्ये गेलो. इंजेक्शन घेत नाही म्हटल्यावर तो थोडा खट्टू झाला, पण माझ्यासाठी त्याने एक कोपरा मोकळा ठेवला. भोवती विशीतली पोरं आणि त्यांच्यात मी, फुल पँट आणि बनियन घालून बैठका मारणारा म्हातारा. पहिल्या दिवशी खाली बसलो तो उठताच येईना, दोन पोरांनी धरून उठवलं. एकाने मागे वळून हसू दाबलं. मी त्याला म्हटलं, हस बिनधास्त, पण उद्या मोजायला ये. तो खरंच आला. गुडघे इतके दुखायचे की इमारतीचे जिने मी उलटा उतरायचो. शेजारी विचारायचे, सर, या वयात कशाला? मी म्हणायचो, या वयात नाही तर कधी?

काही महिन्यांनी पट्ट्याचं एक भोक आत गेलं. दुपारी जाग राहायला लागली. बाकीचंही हळूहळू थोडं परत आलं. तरुणपणासारखं नव्हे, पण भिंतीकडे तोंड करून झोपण्याची गरज उरली नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आम्ही दोघं आता त्यावर बोलत होतो. नाही जमलं तर हसत होतो.

दादा मात्र माझी टिंगल करायचा. फोनवर विचारायचा, काय पैलवान, आज किती उचललं? तुझी साखर बघितलीस का, असं मी विचारलं की विषय बदलायचा.

मे महिन्यात त्याच्या नातीचा वाढदिवस होता. घाटकोपरच्या त्या घरात पंखा गरम हवा फिरवत होता, आम्ही सगळे घामाने निथळत होतो, आणि दादा पायात मोजे घालून बसला होता. जाड, लोकरीचे. मी आयुष्यभर पोरांचे पाय बघितलेत. खेळायला मिळावं म्हणून दुखणं लपवणारा पोरगा कसा चालतो, ते मला माहीत आहे. दादा केक कापायला उठला तेव्हा डाव्या पायाची टाच आधी टेकवत होता, पुढचा भाग उचलून. पाहुणे गेल्यावर मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हटलं, दादा, मोजा काढ. तो म्हणाला, थंडी वाजते. मी त्याचा घोटा धरला. तो दुसऱ्या पायाने मला ढकलायला लागला, म्हातारे झालेले आम्ही दोघं भाऊ जमिनीवर झटत होतो. वहिनी ओरडली. मी पकड सोडली नाही आणि मोजा ओढून काढला.

अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. तळव्याला जखम, तिच्यातून पाणी येत होतं. चपलेचा खिळा कधीतरी आत घुसला होता आणि त्याला तो कळलाही नव्हता. त्या पायाला आता काही जाणवतच नव्हतं. वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. दादा माझ्याकडे बघत नव्हता. तो खूप सावकाश म्हणाला, "सोड. बाबांचो गेलो तसो माझो पाय जातलो."

"नाही जाणार," मी म्हणालो. "मी जाऊ देणार नाही. ऊठ."

तो उठेना. मी त्याला वयाच्या त्या टप्प्यावर, नातीच्या फुग्यांच्या मधून, अक्षरशः उचलला. जिममधल्या बैठका कुठे कामाला आल्या विचाराल, तर इथे आल्या. पुतण्याने रिक्षा आणली आणि आम्ही त्याला हॉस्पिटलात नेला. बोट काढावं लागलं. जखम साफ करायला दोनदा आत न्यावं लागलं. डॉक्टर पाय वाचेल असं बरेच दिवस म्हणत नव्हते. दादाच्या रक्तातली साखर बघून त्यांनी विचारलं की हे गोळ्या घेत नाहीत का. वहिनी म्हणाली, घेतात, मी रोज हातात देते.

ती घरी अंघोळीला गेली असताना, भर दुपारी, दादाने मला जवळ बोलावलं. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी गोळ्यो घेयत नाय. कधीच बंद केलंय."

मी कारण विचारलं.

गोळ्या सुरू झाल्यावर वर्षा-दोन वर्षांत त्याचं ते गेलं होतं. ते, असंच तो म्हणाला. पन्नाशी नुकती उलटली होती तेव्हा. कंपनीत पट्ट्या भरताना कोणीतरी त्याला सांगितलं होतं की साखरेच्या गोळ्या पुरुषपण खातात. म्हणून त्याने त्या थांबवल्या. वहिनीने हातात दिलेली गोळी तो मोरीत टाकायचा. गोळी बंद करूनही काही परत आलं नाही. मग त्याने ठरवलं की आपण असंही संपलोच आहोत. रक्तात आहे म्हणणं त्याला सोपं वाटायचं. रक्तात आहे म्हटल्यावर कोणी पुढे विचारत नाही.

"कोणाक सांगतलंय?" तो म्हणाला. "बायलेक? तुका? माका लाज वाटली."

आमच्या घरात बाबांच्या पायाबद्दल सगळे बोलायचे. याच्याबद्दल कोणी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. बाबांचंही असंच असेल का, हे आता कोण सांगणार? मी खुर्ची ओढली आणि त्याला माझं सांगितलं. अंधेरी, इंजेक्शन, भिंतीकडे तोंड, बायकोचं बोलणं, सगळं. गोळ्यांनी ते जात नाही, साखरेनेच जातं, साखर नसा आणि रक्तवाहिन्या खाते, हे बाईंकडून ऐकलेलंही सांगितलं. तू ज्याच्या भीतीने गोळ्या टाकल्यास त्याचाच रस्ता मोकळा केलास, एवढं कडवं वाक्य मी त्याला आजारी असताना ऐकवलं.

"तुझा पण?" त्याने विचारलं.

मी मान डोलावली.

तो हसायला लागला. हसता हसता रडला. शेजारच्या खाटेवरचा माणूस आमच्याकडे बघायला लागला, तर दादाच त्याच्यावर खेकसला, "काय बघतंस?" मग वहिनी आली तेव्हा त्याने मला बाहेर जायला सांगितलं. आत तो तिच्याशी काय बोलला ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि ती मला म्हणाली, "भावोजी, वीस वर्षं मी समजत होते की यांचं बाहेर कुठेतरी आहे."

दादाचा पाय राहिला. तो आता डॉक्टरांनी सांगितलेले खास बूट घालतो, काठी घेतो आणि रोज वहिनीसमोर जीभ बाहेर काढून गोळी गिळल्याचं दाखवतो.

पण मला गप्प बसवेना. दोन माणसं एकाच घरात वाढतात, तोच आजार घेऊन झिजतात आणि एकमेकांना सांगत नाहीत, यात रक्ताचा काय दोष? त्यात दोष गप्प बसण्याचा. आमच्या मंडळाच्या जुन्या खेळाडूंचा मेळावा होता. मला चार शब्द बोलायला सांगितलं. लोकांना वाटलं, जुन्या चढायांच्या गोष्टी सांगेन. मी माइक हातात घेतला आणि सरळ सांगितलं, की आपल्यातल्या किती जणांच्या पोटाबरोबर बाकीचं गेलंय ते मला माहीत आहे, कारण माझंही गेलं होतं. साखर तपासा. बायकोला सांगा. डॉक्टरला सांगा. फोटो दाखवून इंजेक्शन विकणाऱ्याकडे जाऊ नका, आणि मित्राने सांगितलं म्हणून गोळ्या बंद करू नका.

पुढच्या रांगेत हशा पिकला. मग तो थांबला. आमचा एकेकाळचा कप्तान उभा राहिला आणि म्हणाला की बायकापोरांसमोर हे काय लावलंय, कुठे काय बोलावं याचं भान ठेव. मी त्याला म्हटलं, "बायकांना हे तुझ्याआधीपासून माहीत आहे. फक्त आपल्यालाच वाटतं की आपण लपवलंय." तो खुर्ची सरकवून निघून गेला. अजूनही माझ्याशी बोलत नाही. काही लोकांनी मला म्हातारचळ लागल्याचं पसरवलं. माझ्या बायकोला बाजारात कोणीतरी विचारलंही, सरांना काय झालं? ती म्हणाली, "सरांना अक्कल आली." त्यानंतरच्या दिवसांत मला बरेच फोन आले. बहुतेकजण आधी तब्येतीचं, मग हवापाण्याचं विचारायचे आणि फोन ठेवता ठेवता आवाज खाली आणून म्हणायचे, सर, त्या बाईंचा नंबर मिळेल का?

माझी साखर अजून काठावरच आहे. पलीकडे गेलेली नाही, अलीकडेही आलेली नाही. हार्मोन थोडं वर आलंय, बाई म्हणतात सध्या इंजेक्शनची गरज दिसत नाही, पुढे लागलं तर बघू. लागलं तर घेईन. उद्या डायबेटिस झालाच तर गोळीही घेईन, कोणालाही न लपवता. मी जिंकलोय असा माझा दावा नाही. मी फक्त बाबांची खिडकीतली जागा मुकाट्याने घ्यायला नकार दिलाय.

गेल्या महिन्यात पुतण्याला बाईंकडे नेलं. चाळिशीचा आहे, कॉम्प्युटरसमोर बसून पोट सुटलंय. दादा हट्टाने आमच्यासोबत आला. बाहेर गर्दी होती, माणसं मोबाइलमध्ये तोंड घालून बसली होती. पुतण्याचं नाव पुकारलं गेलं तसा तो उठला, आणि दादाने काठी आडवी धरून त्याला थांबवलं.

"भितर जाऊन तिका सगळा सांग," दादा म्हणाला. मुद्दाम मोठ्याने, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं. "खालचा पण सांग. लाजलंस तर मी येऊन सांगतलंय."

पुतण्या कानापर्यंत लाल झाला. दोन-तीन माणसांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. दादाने त्यांच्याकडे एकेक करून रोखून बघितलं, आणि पोरगा आत जाईपर्यंत काठी खाली घेतली नाही.